पटाबाहेरची मुले

बुधवार पेठ म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे निराळे चित्र उभे राहते. विद्यार्थ्याला अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने आठवतात, भाविकाला दगडूशेठ हलवाई गणपती आणि तांबडी जोगेश्वरी आठवते, विजेच्या वस्तू हुडकणाऱ्याला तपकीर गल्ली आठवते. आणि याच पेठेतल्या काही गल्ल्यांचे नाव घेताना चारचौघांत माणसे आवाज खाली आणतात. या सर्व चित्रांत एक चित्र सहसा नसते. ते म्हणजे शाळेच्या वयाचे, पण शाळेत न जाणारे, किंवा जाऊनही मागच्या बाकावर हरवलेले मूल. कोणाला ऐकू येत नाही, कोणाला दिसत नाही, कोणाला जिना चढता येत नाही, कोणाची समज वयाच्या मानाने सावकाश वाढते, तर कोणाला सगळे समजते पण अक्षरांची गाठ काही केल्या सुटत नाही. अशा मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी कोणाची, कायदा काय सांगतो आणि गाडे नेमके कोठे अडते, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या विषयाकडे मी वळले ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामातून. आम्ही काही विद्यार्थी पेठेतल्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. मुलांना बोलवायला घरोघर जावे लागते. अशाच एका फेरीत जुन्या वाड्याच्या मागच्या खोलीत साधारण नऊ वर्षांची एक मुलगी भेटली. तिला ऐकू येत नाही. तिच्या दोन्ही भावांची नावे शाळेच्या पटावर आहेत. हिचे कोठेच नाही. कारण विचारले तेव्हा तिची आई म्हणाली, "घालायचं कुठं ते सांगा ना ताई. आम्हांला कुणी विचारायला आलं नाही, न आम्ही कुणाला विचारलं."

या वाक्याच्या उत्तरार्धाबद्दल आईला दोष देणारे पुष्कळ भेटतात. पूर्वार्धाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः घरोघर विचारायला जाणे हे आपल्याकडे कोणाच्या तरी मर्जीवर सोडलेले नाही. ते कर्तव्य म्हणून कायद्यात लिहून ठेवले आहे, आणि ते महापालिकेचे आहे. या लेखाचा सगळा रोख त्या एका गोष्टीवर आहे.

आधी कोण, मागून कोण

"शाळा कोणासाठी?" हा प्रश्न या पेठेला नवा नाही. १८४८ साली याच पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्या वाड्याची मोडकळीस आलेली इमारत २०२३ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयीन लढाईनंतर महापालिकेने उतरवली. त्या जागी राष्ट्रीय स्मारक व्हावयाचे आहे. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्या काळी ती कोणी फारशी मनावर घेतली नाही.

१९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात एक कायदा झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. पुण्याच्या नगरपालिकेत त्यावरून १९२० च्या सुमारास जो वाद माजला, तो आज वाचताना फार ओळखीचा वाटतो. तिजोरीत पैसा पुरेसा नाही, म्हणून सक्ती आधी मुलग्यांना लागू करावी, मुलींचे मागाहून पाहू, असे एका पक्षाचे म्हणणे होते आणि त्या पक्षात मोठमोठी पुढारी मंडळी होती. याविरुद्ध रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी पुण्याच्या रस्त्यावरून मोर्चा काढला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारखे सुधारकही मुलींच्या बाजूने उभे राहिले.

"पैसा थोडा, तेव्हा आधी हे आणि मग ते" हा युक्तिवाद ऐकायला वावगा वाटत नाही. पण मागून यायला सांगितलेल्यांची पाळी येते केव्हा, हा खरा प्रश्न आहे. मुलींची पाळी यायला कित्येक दशके लागली. अपंग मुलांच्या बाबतीत तर "मागून पाहू" असे म्हणण्याइतकाही विचार त्या वादात कोणी केल्याचे दिसत नाही.

दोन खात्यांमधली भिंत

मग या मुलांना शिकवले कोणी? शिकवले ते मुख्यतः सेवाभावी संस्थांनी. कोरेगाव पार्कमधील अंधशाळा १९३४ सालची. मतिमंद म्हणून घरात कोंडल्या जाणाऱ्या मुलांसाठी सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली 'कामायनी' सुरू केली. पदरमोड करून, वर्गणी गोळा करून, लोकांची थट्टा सोसून ही कामे उभी राहिली. त्यांचे ऋण मान्य करूनच पुढचे लिहीत आहे.

या इतिहासाचा एक परिणाम असा झाला की शासनाच्या लेखी या मुलांचे शिक्षण म्हणजे शिक्षण नव्हे, तर कल्याण ठरले. सामान्य शाळा शिक्षण खात्याकडे. विशेष शाळांची मान्यता आणि अनुदान समाजकल्याण खात्याकडे. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण दोन खात्यांमधली भिंत राहिलीच. महापालिकेपुरते बोलायचे तर तिच्या शाळा पूर्वी स्वतंत्र शिक्षण मंडळ पाहत असे. ते मंडळ बरखास्त झाल्यावर शाळांचे काम पालिकेच्या शिक्षण विभागाकडे आले. अपंगांसाठीच्या अर्थसाहाय्याच्या योजना मात्र समाज विकास विभागाकडे, आणि तपासणी आरोग्य विभागाकडे. मूल एक, टेबले तीन! ज्या आईचा हातावरचा रोजगार आहे, तिने किती दिवस बुडवायचे?

सामान्य शाळेतच या मुलांना बसवावे, हा विचार आपल्याकडे सरकारी पातळीवर आला तो १९७४ च्या केंद्र सरकारच्या 'अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षण' या योजनेने. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा झाला. नंतर सर्व शिक्षा अभियान आले आणि २०१८ पासून ते 'समग्र शिक्षा' या योजनेत सामावले गेले. शब्दही बदलत गेले. अपंगांचे दिव्यांग झाले, एकात्म शिक्षणाचे समावेशित शिक्षण झाले. शब्द बदलल्याने काहीच होत नाही असे मी म्हणणार नाही. 'एकात्म' म्हणजे मुलाने शाळेला जुळवून घ्यायचे. 'समावेशित' म्हणजे शाळेने मुलाला जुळवून घ्यायचे. निदान कागदावर हा फरक मोठा आहे.

कायदा काय सांगतो

आज दोन कायदे या मुलांच्या बाजूने उभे आहेत. पहिला शिक्षणहक्क कायदा. तो २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीचे शिक्षण, ही त्याची प्रतिज्ञा आपल्याला ठाऊक असते. नवव्या कलमाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे आपल्या शहरात महापालिकेने, काय काय करायचे याची यादी तेथे आहे. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे, प्रत्येक बालकाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता यांवर देखरेख करणे, ही त्यातली दोन कामे. २०१२ सालच्या दुरुस्तीने अपंग बालकांना 'वंचित घटकातील बालक' या व्याख्येत स्पष्टपणे घेतले, आणि तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्यांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला.

दुसरा कायदा २०१६ चा, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. येथे एकवीस आहेत. त्यांत स्वमग्नता आहे आणि वाचन-लेखन-गणितातली विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या बालकाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. शाळेने नाकारायचे नाही, इमारत वावरण्याजोगी करायची, जाण्यायेण्याची सोय करायची, साहित्य व उपकरणे द्यायची, परीक्षेत ज्यादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यायची, असे सगळे त्यात आहे. सतरावे कलम तर शासनाला आणि स्थानिक प्राधिकरणांना दर पाच वर्षांनी अशा मुलांची पाहणी करायला सांगते.

येथे एक बारकावा आहे. ही पाहणी कायद्याच्या शब्दांप्रमाणे 'शाळेत जाणाऱ्या' मुलांची आहे. म्हणजे वाड्याच्या मागच्या खोलीतली आमची मुलगी तिच्यात येणारच नाही. तिला गाठायचे तर शिक्षणहक्क कायद्याच्या नवव्या कलमातली हद्दीतल्या प्रत्येक बालकाची नोंदच हवी. दोन्ही कलमे एकत्र वाचली तरच जाळे पूर्ण होते. एकच वाचले तर जे मूल सर्वांत मागे आहे, नेमके तेच निसटते.

मोजदादीचे महत्त्व आकड्यांवरूनही दिसते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. पाच ते एकोणीस वयाच्या अपंग मुलांपैकी सुमारे ६१ टक्के शिकत होती आणि सुमारे २७ टक्के मुलांनी शाळेची पायरी कधीच चढलेली नव्हती. त्या जनगणनेत अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र रकाना नव्हता. रकाना नाही, म्हणून संख्या नाही. संख्या नाही, म्हणून शिक्षक नाही. आणि शिक्षक नाही, म्हणून ते मूल वर्गात 'ढ' ठरते. आमच्या अभ्यासिकेत येणारा एक मुलगा पाढे, हिशेब, क्रिकेटचे सगळे आकडे तोंडपाठ सांगतो, पण पाचवीत असून जोडाक्षर वाचू शकत नाही. त्याला आळशी म्हणून रोज बोलणी बसतात. त्याची अडचण वेगळी असू शकते हे तपासून पाहिलेले नाही.

प्रत्यक्षात काय घडते

आता ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. मूल जवळच्या शाळेत दाखल व्हावे. वर्गशिक्षकाला काही वेगळे जाणवले तर त्याने शहर साधन केंद्राला कळवावे. समग्र शिक्षा योजनेतून नेमलेले विशेष शिक्षक तेथे असतात. ते शाळाशाळांतून फिरतात, मुलाला पाहतात, वर्गशिक्षकाला सल्ला देतात. शाळेत आरोग्य तपासणीचे पथकही येते. पुढे ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळते आणि त्यावरून देशभर चालणारे ओळखपत्र निघते. मग श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, ब्रेल पुस्तके, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींना विद्यावेतन अशा गोष्टी मिळू शकतात. मुलींचे हे विद्यावेतन केंद्राच्या योजनेत दरमहा २०० रुपये, वर्षातून दहा महिने, असे धरलेले आहे. आपल्या कॅन्टीनच्या दरात या रकमेचे काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

आमच्या त्या मुलीचे पुढे काय झाले? शाळेने नाव घातले. वयानुरूप वर्गात बसवावे असा कायदा असल्याने ती थेट चौथीत बसली. जिने आजवर एक अक्षर पाहिले नाही आणि जिच्याजवळ घरच्या दहावीस खुणांपलीकडे भाषा नाही, तिने चौथीत करायचे काय? अशा मुलाला इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असेही तेच कलम सांगते. ते द्यायला विशेष शिक्षिका येतात. पण त्यांच्याकडे अनेक शाळा आहेत आणि हिच्या वाट्याला आठवड्यातून एखादा तास येतो. त्या बाई मनापासून काम करतात हे मी पाहिले आहे. एकदा त्या म्हणाल्या, "मुलं शिकत नाहीत असं नाही गं. मी त्यांच्यापाशी पुरत नाही."

हे न पुरणे न्यायालयानेही ओळखले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असा निर्णय दिला. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या विशेष शिक्षकांना सामावून घेण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ४,८६० पदे मंजूर केली. दिशा योग्य आहे. आता मुले मोजलेली नसतील, तर दहांमागे एक हे प्रमाण काढायचे कशावरून, एवढाच प्रश्न उरतो.

घरी राहून शिकण्याच्या पर्यायाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्या मुलाला खरोखरच हलवता येत नाही, त्याच्यासाठी तो मोठा आधार आहे. पण जिना अरुंद, शाळेत उतरंड नाही, मदतनीस नाही म्हणून 'घरीच शिकू दे' असे होऊ लागले, तर हक्काच्या नावाखाली मूल पुन्हा त्याच खोलीत राहील, फक्त या वेळी पटावर नाव असेल. घर कोणी निवडले, मुलाच्या गरजेने की शाळेच्या गैरसोयीने, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

दुसरीकडे काय करतात

इंग्लंडमध्ये १९७८ साली वॉर्नॉक समितीचा अहवाल आला. अपंगत्वाच्या नावावरून मुलांचे गट पाडण्याऐवजी प्रत्येक मुलाची 'विशेष शैक्षणिक गरज' पाहावी, आणि पाचांतल्या एका मुलाला शालेय आयुष्यात केव्हा ना केव्हा अशी गरज पडू शकते, असे समितीने मांडले. १९८१ च्या कायद्याने तेथील स्थानिक शिक्षण प्राधिकरणावर अशी मुले शोधण्याची, तपासण्याची आणि ज्यांची गरज मोठी आहे त्यांना काय मदत देणार ते लेखी देण्याची जबाबदारी टाकली. तेथेही विलंब आहेत, वाद आहेत, पालकांना न्यायाधिकरणापर्यंत जावे लागते. सगळे आलबेल आहे असे नाही. तरी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या प्रमाणपत्रावर मुलात किती टक्के कमी आहे ते लिहिलेले असते. त्यांच्या कागदावर मुलाला काय काय द्यायचे ते लिहिलेले असते. पहिला कागद मुलाबद्दल बोलतो, दुसरा संस्थेला बांधून घालतो. आपल्या महापालिकेने प्रत्येक मुलामागे असा एक पानाचा कागद करायला नव्या कायद्याची गरज नाही.

पेठेची खास अडचण

बुधवार पेठेत या सर्वांवर आणखी एक थर चढतो. येथे भाड्याच्या खोल्या बदलत राहतात, परगावाहून आणि परप्रांतातून आलेली कुटुंबे आहेत, आणि ज्या गल्ल्यांचा उल्लेख आपण टाळतो तेथेही मुले वाढतात. जन्मदाखला नाही, पत्त्याचा पुरावा नाही, वडिलांचे नाव सांगायचे नाही. अशा आईला आधीच शाळेच्या कचेरीत उभे राहण्याचा संकोच. त्यात मूल अपंग असेल तर ती जातच नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असे शिक्षणहक्क कायद्याचे चौदावे कलम स्पष्ट सांगते. पण हे तिला सांगणार कोण? म्हणूनच अशा वस्तीत 'अर्ज करा, मग पाहू' ही पद्धत निरुपयोगी आहे. जो सर्वांत दुबळा आहे, त्यानेच पुढे येऊन दार ठोठवावे अशी अपेक्षा ती ठेवते. दार ठोठवण्याचे काम कायद्याने महापालिकेला दिले आहे.

आपण काय करू शकतो

केवळ महापालिकेकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या बी.एड. करून शिक्षक होणार आहेत. अशी मुले वर्गात असणार हे आजच धरून चालावे. परीक्षेच्या दिवसांत लेखनिक मिळत नाहीत ही अंध विद्यार्थ्यांची नेहमीची अडचण. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला असावा लागतो. म्हणजे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपल्याच महाविद्यालयातल्या वरच्या वर्गातील मित्रासाठी बसता येईल. ओळखपत्राचा अर्ज भरून देणे, आईबरोबर रुग्णालयात जाणे, ही कामे राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत सहज बसतात. प्राध्यापकवर्गाला माझी एक विनंती आहे. आपल्या समाजशास्त्र व मानसशास्त्र विभागांनी मिळून पेठेतल्या एकेका गल्लीची बालगणना करावी आणि ती यादी महापालिकेच्या शिक्षण विभागाला सादर करावी. यादी हाती आल्यावर "आम्हांला माहीत नव्हते" असे म्हणता येत नाही.

पहिल्या तीन गल्ल्यांचे काम आमच्या गटाने दिवाळीच्या सुटीनंतर सुरू केले आहे. रकाने साधे आहेत: नाव, वय, शाळा, आणि शेवटी एकच प्रश्न, "मुलाला शिकताना कशाची अडचण होते?" हा प्रश्न विचारला की दारात उभे राहून बोलणारी आई बहुधा आत बोलावते. ज्यांना या कामात यायचे असेल त्यांनी दर शनिवारी दुपारी तीन वाजता ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशी भेटावे. येताना पेन आणावा. नोंदवहीची सोय आम्ही केली आहे.